जोन्स, पण कुणाचा?

शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना जो 'पाय' आपल्या मानगुटीवर बसला, तो आजच्या अर्थानं पहिल्यांदा छापला विल्यम जोन्स नावाच्या माणसानं, १७०६ साली. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. तिथल्या एका लहान शेतकऱ्याच्या घरी, १६७५ साली, याचा जन्म झाला. बापाचं नाव शोन शोर. म्हणजे शोरचा मुलगा शोन, इंग्रजीत जॉन जॉर्ज. मग मुलाचं आडनाव जॉर्ज व्हायला हवं की नाही? तर नाही. हा पोरगा शोनचा, म्हणजे जॉनचा, म्हणून जोन्स. आजोबा शोर तिथंच गळाले.

पुढं विल्यमरावांनी लंडनला बस्तान बसवलं. १७४६ साली त्यांना मुलगा झाला, त्याचंही नाव विल्यम. गावाकडच्या रीतीनं तो विल्यम विल्यम्स झाला असता. पण लंडनची रीत वेगळी, तिथं बापाचं आडनाव जसंच्या तसं मुलाकडं येतं. त्यामुळे तोही जोन्सच राहिला. हेच ते कलकत्त्याचे न्यायमूर्ती, एशियाटिक सोसायटी काढणारे आणि १७८९ साली 'शाकुंतल' इंग्रजीत नेणारे सर विल्यम जोन्स. फ्रान्सच्या राजाला त्यांची ओळख करून देताना इंग्रज राजदूत म्हणाला म्हणे, की या गृहस्थांना जगातल्या सगळ्या भाषा येतात, फक्त स्वतःची वेल्श येत नाही. किस्सा खरा असो-नसो, आडनाव गोठलं तसा त्या घरातून गावही सुटला होता.

वेल्समध्ये आज दर शंभर माणसांत पाच-सहा जोन्स आहेत. इंग्लंड आणि वेल्स मिळून मोजलं तर स्मिथनंतर नंबर जोन्सचाच. एवढ्या संख्येकडं पाहून आपल्याला वाटतं, केवढं हे खानदान! प्रत्यक्षात खानदान वगैरे काही नाही. ज्या पिढीत लिहिणाऱ्यानं वहीत नाव पक्कं केलं, त्या पिढीतल्या बापाचं नाव जॉन होतं, इतकाच त्याचा अर्थ. शेजारच्या शेतावरच्या जॉनची पोरंही जोन्सच झाली, आणि दोन्ही घरांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही.

मुळात वेल्श माणसाला आडनाव नव्हतंच. होती ती माळ. नावापुढं 'आप', म्हणजे 'चा मुलगा', आणि मग बापाचं नाव; पुढं पुन्हा 'आप' आणि आजोबा, पुन्हा 'आप' आणि पणजोबा. बापाचं नाव मधे लावणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. फक्त आपण एका पिढीवर थांबतो, हे लोक सहा-सात पिढ्यांपर्यंत जात. ही हौस नव्हती. दहाव्या शतकातल्या हवेल राजाच्या नावानं चालत आलेल्या कायद्यात जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई, आणि कुणाच्या हातून खून झाला तर त्याची भरपाई दूरदूरच्या भाऊबंदांनाही आपापल्या वाट्याप्रमाणं भरावी लागे. वाटणी मागायची तरी आणि दंड भरायचा तरी पिढ्या तोंडपाठच हव्यात.

बायकांच्या नावात 'आप'च्या जागी 'व्हेर्ख' यायचं, म्हणजे 'ची मुलगी'. लग्नानं हे नाव बदलत नसे. बाई मरेपर्यंत बापाचीच लेक. नवऱ्याचं आडनाव लावण्याची पद्धत इंग्रजांकडून आली, आणि काही खेड्यांत ती रुजायला एकोणिसावं शतक उजाडलं.

इंग्रज कारकुनाला ही माळ झेपेना. ओवेन ट्यूडरचंच घ्या. पाचव्या हेन्रीच्या विधवा राणीशी गुपचूप लग्न केलेला हा वेल्श गडी खरा ओवाइन आप मरेदिद आप ट्युडुर. कारकुनांनी बापाला वगळून आजोबाचं नाव उचललं. त्याचा नातू १४८५ साली बॉसवर्थची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला आणि घराणं ट्यूडर म्हणून अजरामर झालं. बोट एक घर अलीकडं पडलं असतं तर पहिली एलिझाबेथ ही 'मेरेडिथ' घराण्याची राणी म्हणून शिकावी लागली असती.

गंमत म्हणजे वेल्श पद्धतीच्या मुळावर याच घराण्याचा आठवा हेन्री उठला. त्याच्या कारकिर्दीत, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी, वेल्स इंग्लंडला जोडलं गेलं आणि कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. त्या काळची एक गोष्ट सांगतात. ज्यूरीतल्या एका जमीनदाराचं नाव पुकारलं : टॉमस आप रिचर्ड आप हवेल आप येयन व्हिखान. सरहद्दीचा कारभार पाहणारे बिशप रोलंड ली वैतागले आणि म्हणाले, एवढी शेपटं नकोत, शेवटचं नाव लावा नाहीतर गावाचं लावा. त्या घरानं आपल्या वाड्याचं नाव लावलं आणि ते मॉस्टिन झाले. आपल्या '-कर' मंडळींना हे घर जवळचं वाटेल.

काहींनी 'आप' टाकून न देता नावातच मुरवला. आप हवेलचा पॉवेल झाला, आप र्‍हीसचा प्राइस, आप ह्यूचा प्यू, आब इव्हानचा बेव्हन. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९४८ साली उभी करणारा अन्यूरिन बेव्हन हा या शेवटच्यांतला. काहींच्या नशिबी टोपणनाव आलं : लॉइड म्हणजे करडा, वॉन म्हणजे धाकटा. आपल्याकडं काळे-गोरे आहेतच.

बाकीच्यांनी 'आप' सोडला आणि नावाच्या शेवटी इंग्रजी 'एस' चिकटवला. घोळ झाला तो इथं. मधल्या काळात गोरोन्वी, कडूगन, लवार्ख असली अस्सल नावं मागं पडली होती आणि घरोघर बायबलातली नाहीतर इंग्रजांची नावं ठेवली जात होती. जॉन, डेव्हिड, विल्यम, टॉमस, रॉबर्ट. त्यामुळं आडनावं गोठायला लागली तेव्हा थैलीत नावंच मूठभर उरली होती. त्यातून जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, टॉमस, रॉबर्ट्स निघाले. इव्हान हेही जॉनचंच वेल्श रूप, तेव्हा इव्हान्स मंडळीही एका अर्थी जोन्सच. आणि वेल्शच्या परंपरागत वर्णमालेत 'जे' हे अक्षरच नाही. आता उसन्या शब्दांपुरतं ते घेतलंय. देशातलं सगळ्यात मोठं आडनाव देशाच्या अक्षरांत लिहिता येऊ नये, असा प्रकार दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. जमीनदारांनी सोळाव्या शतकात आडनावं घेतली. डोंगरातल्या शेतकऱ्यांकडं मात्र बापागणिक नाव बदलणं एकोणिसाव्या शतकापर्यंत रेंगाळलं. १८१३ पासून चर्चच्या वह्यांत छापील रकाने आले, १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, आणि रकाना भरायचा म्हणजे आडनाव हवंच. परिणाम असा की १८५० च्या दशकात खुद्द रजिस्ट्रार जनरलनं अहवालात कपाळाला हात लावला : बाजारगावच्या चौकात 'जॉन जोन्स' म्हणून दवंडी पिटली तरी ती कुणा एकाला लागू होणार नाही. ज्या व्यवस्थेनं रकाना छापला, तिनंच ही तक्रार करावी, हे मला फार आवडतं.

लोकांनी वाट काढली. माणूस शेताच्या नावानं किंवा धंद्यावरून ओळखला जाऊ लागला. लष्करात नंबर कामी आले. १८७९ साली आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टला झुलूंनी चौकीच्या इस्पितळाला आग लावली, तेव्हा आतल्या रुग्णांना वाचवायला एकाच खोलीत लढले ते ७१६ जोन्स आणि ५९३ जोन्स. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कवींनी तर सरळ दुसरी नावं घेतली. जॅक ग्लान-अ-गोर्स या नावानं लिहिणारा कवी खरा जॉन जोन्स. लंडनला जाऊन वेल्श विसरलेल्या शिष्टांची टिंगल करायला त्यानं एक पात्र काढलं, डिक शोन डाव्हिद. नाव जुन्या माळेतलंच, डाव्हिदच्या शोनचा डिक. अशा माणसाला वेल्समध्ये आजही याच नावानं चिडवतात.

एक जोन्स आपल्या देशात वेगळ्याच कारणानं रुजला. टॉमस जोन्स हा सुताराचा मुलगा १८४१ साली मिशनरी म्हणून चेरापुंजीला आला आणि त्यानं खासी भाषा रोमन लिपीत, पण वेल्श वळणानं लिहायला घेतली. मेघालयात २२ जूनला त्याच्या नावाचा दिवस पाळतात. खासीच्या वर्णमालेत 'जे' आहे.

२००६ साली कार्डिफमध्ये एकाच आडनावाच्या माणसांचा विक्रम करायला १,२२४ जोन्स एका सभागृहात जमले होते. उलट काही जण या गर्दीतून बाहेर पडतात. वेल्सच्या फुटबॉल सामन्यांत ज्याचं गाणं सगळं मैदान उभं राहून गातं, तो गायक दाव्हिद इवान हा जन्मानं जोन्स. त्यानं ते टाकलं. त्याचा नट भाऊ ह्यू केरेडिग यानंही टाकलं. राजकारणात गेलेला तिसरा, अलन फ्रेड, यानं मात्र जोन्स ठेवलं. वडिलांचं नाव गेराल्त. जुन्या रीतीनं तिघंही निमूट 'आप गेराल्त' झाले असते.