घारापुरी ‘उरकायला’ जाऊ नका

परवा नाशिकहून आतेभावाचा फोन आला. रविवारी सहकुटुंब मुंबईला येतोय. प्लॅन तयार होता. “दादा, सकाळी सिद्धिविनायक, मग एलिफंटा, दुपारी राणीबाग, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. एलिफंटा दोन तासांत होईल ना?”

मी म्हटलं, नाही होणार. मग जाऊच नको.

तो दुखावला. बायकोने मला डोळे वटारले. पण मी शब्द मागे घेतला नाही, आणि का घेतला नाही हे इथे सविस्तर लिहितोय. कारण हा एकट्या आतेभावाचा प्रश्न नाही. आपण सगळेच घारापुरी अशीच ‘करतो’. आणि आपण अशी करतो म्हणून तिथली सगळी व्यवस्थाही तशीच झालीय.

आधी साधा हिशोब. गेटवेपासून बेट साधारण १० किलोमीटर. बोटीला जायला तास, यायला तास. तिकिटाची रांग, बोट भरेपर्यंत थांबणं, तो लांबलचक धक्का, पुन्हा तिकीट, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, कैऱ्या, माकडं. म्हणजे पाच तासांचा कार्यक्रम आखलात तर मुख्य लेण्यात वाट्याला येतो पाऊण तास. त्यातला अर्धा फोटोत. दोन तासांत तर तुम्ही फक्त बोटीत बसून परत येता.

आणि त्या पाऊण तासात काय बघायचं असतं? सहाव्या शतकाच्या मध्यात कोरलेलं, डोंगराच्या पोटातलं अख्खं शिवालय. सुमारे २० फूट उंचीचा सदाशिव, ज्याला आपण सवयीने त्रिमूर्ती म्हणतो आणि गाईड ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ सांगून मोकळे होतात. ते तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. एक उग्र, एक शांत, एक कोमल. शेजारी अर्धनारीश्वर, गंगाधर. पलीकडे कैलास हलवू पाहणारा रावण, अंधकासुराचा वध, शिवपार्वतीचं लग्न. हात तुटलेले, पाय तुटलेले, तरी चेहऱ्यांवरचे भाव तसेच. अंधाराला डोळे सरावायलाच दहा मिनिटं लागतात हो! आपण तेवढ्यात सेल्फी काढून बाहेर आलेलो असतो.

राणीबागेचं म्हणाल, तर तिथला एक किस्सा आतेभावाला सांगितला. पोर्तुगीजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते किनाऱ्याजवळच्या एका दगडी हत्तीवरून. इंग्रजांच्या काळात तो हलवताना फुटला. तुकडे जोडून आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, राणीबागेला अगदी लागून. म्हणजे ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तो हत्ती बेटावर नाहीच. आणि बेटाचं स्वतःचं घारापुरी हे नाव आपण घेत नाही. घाईत हे असंच होतं.

आता मुद्द्याचं.

घारापुरी ही फक्त लेणी नाही. ते गाव आहे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या, रायगड जिल्हा, उरण तालुका, स्वतःची ग्रामपंचायत. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आणि गावात कायमची वीज कधी आली? फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. मधली ३१ वर्षं जगभरचे पाहुणे इथे येऊन ‘वॉव’ म्हणत होते आणि गावातली पोरं संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढे तास अभ्यास करत होती. समोर अख्खी मुंबई लखलखताना दिसत होती. हे कोणाला खटकलं नाही, कारण संध्याकाळ व्हायच्या आत आपण सगळे परत गेलेले असायचो. अंधार बघायला तिथे होतंच कोण?

आजही तेच. कॉलेज पाण्यापलीकडे. मोठं आजारपण पाण्यापलीकडे. बाळंतीण अडली की बोट शोधा. पर्यटकाला यातलं काही दिसत नाही, कारण त्याला शेवटची बोट पकडायची असते.

मागच्या हिवाळ्यात मी पहिल्या बोटीने गेलो आणि शेवटच्या बोटीने आलो. दुपारी खाली वस्तीत एका मावशींकडे जेवलो. कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी. म्हटलं, मावशी, रविवारी चांगला धंदा होत असेल? हसल्या. “कसला दादा! बोट लागली की पलतात वर. उतरले की पलतात बोटीला. जेवायला कोन थांबतंय? आमी पानी नि टोप्या इकतो.”

पाणी आणि टोप्या. जागतिक वारशाच्या दारात राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला आपण हे ठेवलंय. वर रिकाम्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटंही तिथेच ठेवून येतो. ती माकडं फाडतात, वारा समुद्रात नेतो, आणि मग आपण पोस्ट टाकतो की ‘लोकल लोकांना स्वच्छतेची जाणीव नाही’.

परतीच्या बोटीचीही गोष्ट ऐका. बोट कोणाची ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका बोटीचा नाही. चार-साडेचारला धक्क्यावर ही गर्दी. सगळ्यांना हीच बोट हवी. लाइफ जॅकेटं होती, पण छताखाली दोरीने करकचून बांधलेली. एका ताईंनी लेकरासाठी मागितलं, तर उत्तर मिळालं, “काही होत नाही मॅडम, रोजचंच आहे.” आणि वरच्या मजल्यावर बसायचे जास्तीचे पैसे मात्र न चुकता गोळा झाले.

काही होत नाही? १८ डिसेंबर २०२४ विसरलात? गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ माणसं गेली. लहान मुलं गेली. चूक प्रवाशांची नव्हती. पण त्या दिवसानंतर आठवडाभर प्रत्येक चॅनलवर लाइफ जॅकेट हा शब्द होता. आज कोणी विचारतं का? आपणही विचारत नाही, कारण विचारलं तर बोट सुटेल.

आणि सरकारने यावर काय विचार केला, तर रोपवे! शिवडीहून थेट घारापुरी, समुद्रावरून ८ किलोमीटर. घोषणा होऊन वर्षं लोटली. समजा उद्या झालाच. काय होईल? आज जी गर्दी तासाभरात पोहोचते ती काही मिनिटांत पोहोचेल. दोन तासांऐवजी एका तासात ‘उरकेल’. लेण्यात उभं राहायला जागा नसेल, मावशींची टोपीसुद्धा विकली जाणार नाही. अहो, बेटावर माणसं कमी वेळात पोहोचत नाहीत ही अडचणच नाही. माणसं तिथे थांबत नाहीत, ही अडचण आहे.

थांबायचं म्हटलं तर रात्री पर्यटकाला राहायला परवानगी नाही. कारण दिलं जातं सुरक्षेचं, आणि ते खोटं नाही. एका बाजूला तुर्भ्याची अणुभट्टी, दुसऱ्या बाजूला जेएनपीटीचं बंदर. समजतं. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण, हा कायदाही हवाच. पण मी हॉटेल मागतच नाहीये. गावात असलेल्या घरांत, आधार तपासून, आगाऊ नोंदणी करून, मोजून दहा-वीस पाहुणे. एवढी नोंद पोलिसांना ठेवता येत नाही? विचार तरी करून बघा. एका मुक्कामाचे दोन पाहुणे गावाला टोप्या घेणाऱ्या पन्नास जणांपेक्षा जास्त देऊन जातील.

मुक्कामाचं होईल तेव्हा होईल. बाकीच्या मागण्या साध्या आहेत. त्याला रोपवेएवढा पैसा लागत नाही.

१. बोट सुटण्याआधी दोन्ही धक्क्यांवर डोकी मोजा. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, तरच दोर सोडायचा.
२. बोटींच्या वेळा मराठीत मोठ्या फलकावर लावा. परतीच्या बोटी चार ते साडेपाचमध्ये कोंबू नका.
३. गावासाठी चोवीस तास एक रुग्णवाहिका बोट. पर्यटकालाही झटका येऊ शकतो हो.
४. बेटावर जमणाऱ्या तिकिटाच्या आणि कराच्या पैशातून बेटावर काय खर्च झालं, ते दरवर्षी धक्क्यावर लिहून लावा.

आता आपल्या बाजूचं. कारण सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायचं ही आपली जुनी खोड.

जायचं तर पूर्ण दिवस ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. जमलं तर रविवारही टाळा. पावसाळ्यात समुद्राचा भरवसा नसतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. सकाळी नऊची पहिली बोट धरा. दहा-साडेदहाला लेण्यात पोहोचलात की गर्दी चढायच्या आत निवांत तासभर मिळतो. त्या तासात फोन खिशात. मग वर टेकडीवर तोफा आहेत तिकडे जा. सगळं बंदर, जहाजं, मुंबईची रेघ दिसते. दुपारी वस्तीत जेवा, घासाघीस न करता. राजबंदर, मोराबंदरकडे गावातल्या कोणाला तरी विचारून, सोबत घेऊन फिरा. झाडाखाली अर्धा तास पडा. काहीच न करता. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा. आणि बोटीत चढल्यावर जॅकेट मागा. सगळे हसले तरी मागा.

“आम्हाला एकच सुट्टी असते, एवढा वेळ कुठून आणायचा?” अशी कमेंट येणार, माहीत आहे. मान्य. मलाही एकच असते. म्हणूनच म्हणतो, त्या एका सुट्टीत चार ठिकाणं धावत बघण्यापेक्षा एक ठिकाण बसून बघा. पोरांना चारही आठवणार नाहीत. ते एक आठवेल.

“म्हातारे, गुडघेवाले, लहान पोरं, यांना दिवसभर जमतं का?” उलट त्यांनाच जमतं! धावपळ त्यांना झेपत नाही. पायऱ्या हळूहळू चढायच्या, मध्ये तीनदा बसायचं, यालाच वेळ लागतो ना?

आतेभावाचा काल पुन्हा फोन आला. म्हणाला, “दादा, सिद्धिविनायक आणि राणीबाग या वेळी करतो. तो हत्ती दाखवतो पोरांना. एलिफंटाला जानेवारीत वेगळे येतो, एक दिवस रजा टाकून.” म्हटलं, ये. मीही येतो. मावशींना आधी निरोप धाडतो, सहा माणसांचं जेवण सांगतो.

फक्त एक अट घातली. एलिफंटा नाही म्हणायचं. घारापुरी म्हणायचं.