धूप थांबते की सरकते?

‘खांडबाऱ्यात बसून समुद्री गवताची उठाठेव कशाला?’ असा प्रश्न येणारच. उत्तर तापीत आहे. आमच्या नवापूर तालुक्यातलं पावसाचं पाणी तापीला मिळतं आणि तिचा गाळ १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात बसतो. नद्यांची वाळू अशी वाटेतच अडली की किनारा खंगतो. मग तिथली माणसं धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. एका बांधकामाची उणीव दुसऱ्यानं भरायची, हा खेळ आम्हाला नवा नाही.

बंधाऱ्याचे कैवारी म्हणतात, भिंत काठावर, गवत पाण्यात, संबंध काय? संबंध लाटेचा. उतरत्या पुळणीवर लाट दमते. उभ्या भिंतीवर ती आपटून उलटते, पायथ्याची वाळू उपसते, पाणी गढूळ करते. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात आणि भरपूर उजेड लागतो. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत आढळणारं हॅलोफिला बेकारी ओहोटीला चिखलावर हिरव्या पापुद्र्यासारखं दिसतं. पान जेमतेम नखाएवढं. त्यावर गाळाचा थर बसला, की संपलं. हेच गवत गाळ धरून ठेवतं, माशांच्या पिल्लांना आसरा देतं. म्हणजे किनारा राखणाऱ्यालाच आपण आधी गाडतो.

‘मग घरं वाहून जाऊ द्यायची?’ मुळीच नाही. जिथं घराच्या पायरीला पाणी लागलंय, तिथं बांधावंच लागेल. पण किनाऱ्यापासून समुद्रात आडवा टाकलेला बांध एका बाजूला वाळू साठवतो आणि पलीकडच्या वाडीची पुळण उपाशी ठेवतो. मग तीही वाडी बंधारा मागते.

‘सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा कायदा आहे ना!’ आहे. त्यात समुद्री गवताची कुरणं सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत. पण जे गवत नकाशावरच नाही, त्याला कायदा काय वाचवणार?

म्हणून मागणी रोखठोक आहे. मोकळ्या किनाऱ्यावर भिंत नको; बांधकाम मागे सरकवा, पुळणीवरची वनस्पती राखा. भिंत अटळ असेल तर उभी नको, उतरती दगडी रचा. बोटींसाठी धक्का बांधायचा तर भराव घालून नको, खांबांवर उभारा; त्याच्या फळ्यांतून उजेड खाली जाऊ द्या. आणि निविदा निघण्याआधी, ओहोटीच्या वेळी, गावातल्या मच्छीमारांना सोबत घेऊन गवताची पाहणी करा. काम झाल्यावर पुन्हा करा. गवत गेलं तर ठेकेदाराचं शेवटचं बिल अडवा.