पणतीचा उजेड

परवा नातवाने २०२३ च्या दिवाळीचा फोटो पाठवला, ही होती तेव्हाचा. अंगणात अंधार, हिच्या हातात पणती. त्याच्या मोबाईलवर ज्योत खरीच पेटल्यासारखी दिसते. माझा मॉनिटर जुना, एचडीआर नाही, म्हणून त्याने रूपांतर करून दिलं. तर अंधार राखाडी, मागची तुळस पोपटी आणि हिच्या चेहऱ्याभोवती काळपट कडा, कापून चिकटवल्यासारखी!

मंडळी, एचडीआरच्या पीक्यू पद्धतीत १०,००० निटपर्यंतचा उजेड नोंदता येतो; साधा पडदा धरतात १०० निटचा. काहीतरी दाबावं लागणारच. राइनहार्ड व सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेलं एक सूत्र तर सातवीच्या मुलालाही जमेल: उजेडात १ मिळवा, त्याने उजेडाला भागा. १ चा अर्धा होतो, ९ चा नऊ-दशांश, ९९ चा नव्व्याण्णव-शतांश. दिवे दबतात, सावल्या जवळपास तशाच राहतात. (सवय जात नाही, फळा समोर नसला तरी!)

माझं भांडण आहे ते प्रत्येक कोपरा वेगळा उजळण्याच्या हौसेशी.

"पण आजोबा, तुळस दिसतेय ना आता!"

दिसतेय खरी. त्या रात्री मात्र मला फक्त हिचा चेहरा दिसत होता.

पुन्हा करायला सांगितलंय. ज्योत पांढरीफटक झाली तरी चालेल, अंधाराला हात लावू नकोस म्हटलं.