द्राक्षांना गारवा, घराला झळा

वणी : चैत्रोत्सवासाठी नाशिक-दिंडोरीकडून येणारे भाविक वणीमार्गे सप्तशृंगी गडाकडे निघतात, तेव्हा गावातील घरांचे पत्रे आणि स्लॅब तापलेले असतात. पुढे सात-आठ महिन्यांतच याच घरांत पहाटेच्या अंघोळीसाठी कढत पाण्याची तजवीज करावी लागते आणि शिवारात द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेकोट्या पेटतात. नाशिकच्या हवामान नोंदींत मे १९६० मधील ४२.४ अंश आणि जानेवारी १९४५ मधील ०.६ अंश अशा दोन टोकाच्या नोंदी आहेत. या दोन टोकांमध्ये राहणाऱ्या कुटुंबाचा खर्च आता कूलर, एसी आणि गिझर या यंत्रांभोवती फिरू लागला आहे.

खरेदीला उत्तेजन देणारे निर्णयही झाले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मात्र, यंत्र स्वस्त झाले म्हणून गारवा स्वस्त होत नाही.

घराची रचना बदलली

जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, माळवद आणि कौले ऊन सहजासहजी आत येऊ देत नसत. त्यांच्या जागी आलेला सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील एसीला हवेबरोबरच छताशीही झुंजावे लागते.

विरोधाभास असा, की याच तालुक्यात उष्णता रोखण्याचे शास्त्र उत्तम अवगत आहे. निर्यातीची द्राक्षे काढणीनंतर प्रीकूलिंगमध्ये जातात आणि शून्य अंशाच्या आसपास साठविली जातात. शीतगृहाच्या भिंती आणि छत उष्णतारोधक पॅनेलचे असते, दाराची फट राहू दिली जात नाही आणि यंत्रणेची देखभाल हंगामापूर्वीच होते. माल खराब झाला, तर नुकसान दिसते. घराच्या बाबतीत नुकसान वीजबिलात विरघळून जाते, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही.

इमारतीच्या भिंती-छतातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालणारी 'इको-निवास संहिता' केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. परंतु तेव्हा ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी होती. लहान गावातील स्वतंत्र घर तिच्या कक्षेबाहेरच राहते. अशा घरमालकाला गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडकीबाहेर छज्जा किंवा ताडपत्री आणि पत्र्याखाली छत एवढे उपाय स्वतःच करावे लागतात. ते यंत्राच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहेत.

जुना एसी : दुरुस्ती की बदल?

जुन्या एसीपुढे गॅसचाही प्रश्न आहे. ओझोन थराला घातक असलेल्या आर-२२ वायूवर चालणाऱ्या नव्या यंत्रांच्या निर्मितीवर देशात १ जानेवारी २०२५ पासून बंदी आहे. जुनी यंत्रे वापरण्यास मनाई नाही. पण हा वायू उत्तरोत्तर दुर्मिळ होत जाणार. त्याच्या जागी आर-३२ भरून भागत नाही. त्याचा दाब वेगळा असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे, हे ओळखले पाहिजे. गॅस आपोआप 'संपत' नाही. गळती न शोधता केलेली भरणी म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणे होय.

नवा एसी घेताना केवळ तारे मोजू नयेत; लेबलवरील वर्षही पाहावे. ताऱ्यांचे निकष जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२६ पासून कडक झाले. त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे सारखे नाहीत.

चालू एसीची जाळी महिन्यातून दोनदा धुणे, बाहेरच्या युनिटभोवती मोकळी जागा ठेवणे, स्वतंत्र वायरिंग व आर्थिंग असणे ही साधी कामे आहेत. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरोचे म्हणणे आहे. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जात असल्याने वरच्या टप्प्यात वाचलेले युनिटच सर्वांत महाग असते.

कोरड्या उन्हाळ्यात कूलर अजूनही परवडणारा पर्याय आहे. त्याला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. हा फरक अनेक घरांत विसरला जातो. टाकी आठवड्याला कोरडी केली नाही, तर तेथे डेंगीचे डास वाढतात.

हिवाळ्यातील धोका

उन्हाळ्यातील चूक बिल वाढवते. हिवाळ्यातील चूक जीव घेऊ शकते. लाकडाचा बंब अंगणात पेटत असे. त्याची जागा घेणारा गॅस गिझर मात्र अनेकदा बंद न्हाणीघरात लागतो. हवा कमी पडली, की ज्वाळेतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंगही नसतो. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच खात्रीचा उपाय. विजेच्या गिझरमध्ये कूपनलिकेच्या पाण्याचे क्षार साचतात. तो साफ न केल्यास पाणी तापायला वेळ लागतो आणि सुरक्षा झडपही अडकू शकते.

देखभालीला अनुदान नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉट व त्यापुढील सौर संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. त्या पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, हा आणखी एक लाभ. परंतु गच्चीच्या लेपाला, गळती शोधण्याला किंवा गिझर बाहेर हलविण्याला अशी मदत नाही. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. अशा प्रशिक्षित हातांची गरज मोठ्या शहरांइतकीच तालुक्याच्या बाजारपेठांनाही आहे.

शीतगृहात द्राक्षांसाठी आधी भिंत, मग यंत्र आणि दर हंगामाला देखभाल असा क्रम पाळला जातो. घरात मात्र यंत्र आधी येते. भिंत आणि देखभाल राहूनच जातात. हा क्रम बदलला नाही, तर करकपातीने वाचलेले पैसे वीजबिलात परत जातील.