समोर कोण आहे?

परवा संध्याकाळी पुतण्या मिरजोळ्याच्या घरी खळ्यात लाठी फिरवत होता. शिवजयंतीच्या मिरवणुकीची तयारी! फिरवतो सुरेख, काठी दिसतच नाही, नुसती भुंग्यासारखी घूं घूं. मी विचारलं, "समोर कोण आहे रे?" तो थांबला. "कोणी नाही, काका. फिरवायची असते."

तेव्हापासून ते उत्तर डोक्यात घोळतंय.

सध्या जुन्या चिनी शस्त्रविद्येबद्दल वाचतोय (घरच्यांनी हसू नये). सोळाव्या शतकात यू दायौ नावाच्या सेनापतीनं एक ग्रंथ लिहिला. नाव तलवारीचं आणि आत सगळी लाठी! छी जीग्वांग या दुसऱ्या सेनापतीनं तो आपल्या युद्धशास्त्राच्या पुस्तकात घेतला. दोघंही किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेले. यूच्या शिकवणीचा गाभा असा, की समोरच्याच्या वारातला जोर नुकताच सरलेला असतो आणि नवा अजून भरलेला नसतो, ती फट पकडायची. म्हणजे आधी त्याची लय ओळखायची. आता समोर कोणीच नसेल, तर लय कुणाची ओळखणार?

आपल्याकडे हे नव्हतं असं मुळीच नाही. पवित्रा, हुलकावणी हे शब्दच दुसऱ्या माणसाशिवाय लंगडे आहेत. फरी-गदका तर दोघांचाच खेळ. आणि दांडपट्टा घ्या. २०२४ साली तो राज्यशस्त्र झाला, आनंदच आहे. त्याच्या खोबळ्यात मनगट जखडतं, वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. असं शस्त्र थांबलं की फट मोठी पडणार. सतत फिरवत राहण्याचं एक कारण हेच असावं, असं मला वाटतं. म्हणजे पोरगा करतो ते निरर्थक नाहीच, फक्त 'कशासाठी' ते त्याला कुणी सांगितलं नाही. टाळ्या फिरवण्याला पडतात, मग शिकवणारेही तेवढंच शिकवतात. मला हे पटत नाही.

असो. रविवारी दोन बांबूंना गोणपाट गुंडाळलं आणि उभे राहिलो. पहिले दोन वार त्यानं घाईत घातले, मी सहज चुकवले. तिसऱ्याला तो थांबला. माझी काठी खाली जाईपर्यंत थांबला!

करंगळी अजून सुजलेली आहे. वहिनी दोघांशीही बोलत नाहीत.