सिरक्याची साय आणि कोयत्याची जखम

दिवाळीच्या आसपास आमच्या नांदूरघाट परिसरातून टोळ्या ऊसतोडीला जातात आणि माझ्या वर्गातली बाकं रिकामी होतात. उन्हाळ्याच्या तोंडावर टोळ्या परततात त्या हातापायांवर कोयत्याच्या खुणा घेऊनच. एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या पायाची जखम दोन महिने भरली नव्हती. त्यात शुगर. रोज पट्टी सोडताना चिकटलेलं गॉज नवी कातडी सोलून काढायचं. "सर, कोयत्यापेक्षा पट्टीचंच भ्या वाटतंय," ते म्हणाले.

जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, ही आपली जुनी समजूत. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. मुंबईत वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी भाजलेल्यांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी केली. शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरलं. स्वस्त, आणि चिकटत नाही.

त्याच वाटेवरची पुढची वस्तू म्हणजे जिवाणूंनी विणलेला सेल्युलोज. घरच्या सिरक्यावर साय धरते ना, तीच! ती सेल्युलोजची असते हे ए. जे. ब्राऊन यांनी १८८६ सालीच सांगितलं होतं. तिचे धागे कापसाच्या तंतूपेक्षा कितीतरी बारीक, आणि वजनात बहुतेक पाणीच. ब्राझीलमध्ये १९८०च्या दशकापासून अशा पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरल्या गेल्या.

कोलॅजनच्या पट्ट्या बऱ्याचदा गाय किंवा डुकराच्या कातडीपासून होतात. आपले लोक विचारतात, शेजारचे हिंदू बांधवही विचारतात. इलाजाच्या मजबुरीत शरियत सवलत देते, हे मी सांगतोच. पण इथे तो प्रश्नच उरत नाही.

हे जिवाणू उसाच्या मळीवरही वाढतात. मळी आपल्या कारखान्यांकडे आहे, तिचं अल्कोहोल होतं. त्यातला थोडा वाटा आणि एखादी प्रयोगशाळा तोडणाऱ्याच्या पायासाठी द्यायला काय हरकत आहे? विद्यापीठांनी कारखानदारांकडे हे मागायला हवं. तोवर निदान न चिकटणाऱ्या साध्या पट्ट्या तरी फडावरच्या प्रथमोपचार पेटीत असाव्यात.

एक मात्र ऐका. घरच्या बरणीतली साय जखमेवर लावू नका. ती निर्जंतुक नसते आणि सेल्युलोज स्वतः जंतू मारत नाही. शुगर वाढलेली असेल तर आधी डॉक्टर, मग पट्टी.