स्टेंट पुन्हा का बुजला?

स्टेंट टाकला की विषय संपला, असं आपल्या कासार आंबोलीत काय नि पुण्यात काय, सगळ्यांनाच वाटतं. पण काहींची रक्तवाहिनी त्याच जागी पुन्हा अरुंद होते. मग 'टाका अजून एक!' फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, चांगलंच झालं. म्हणून धातूवर धातू चढवत जायचं का? मशीन बिघडलं तर आपण आधी कारण शोधतो ना? इथेही ओसीटीसारख्या तपासणीने वाहिनी आतून बघावी. स्टेंट नीट उघडलाच नसेल तर जास्त दाबाचा फुगा, आत पेशी वाढल्या असतील तर औषध लावलेला फुगा किंवा नवा स्टेंट, आणि पुन्हा पुन्हा बुजत असेल तर बायपासचाही विचार. तेव्हा सही करण्याआधी घरच्यांनी एवढं विचाराच : 'डॉक्टर, पहिला का बुजला?'